दिने भाषेतला कौल

फिनिक्समधल्या ज्या कंपनीत डेल्फीन मेनीगोट्स कामाला होती, तिथे सगळ्या राज्याच्या मनात काय चाललंय ते टेलिफोनवरून विचारून काढत. गव्हर्नरची निवडणूक आली की कचेरीत पाय ठेवायला जागा उरत नसे. त्या वर्षीची लढत तर अगदी अटीतटीची होती. एकीकडे राज्याच्या तिजोरीचं काम पाहिलेल्या एलन हारग्रोव्हबाई, दुसरीकडे गुरांचा बडा व्यापारी कर्टिस डनलेव्ही. झाडून सगळ्या जनमत चाचण्या डनलेव्हीला दोन टक्क्यांनी पुढे दाखवत होत्या. डेल्फीनच्या कंपनीची चाचणीही तेच सांगत होती.

अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ दर वेळी छापली जाई. मूळ रहिवासी मतदार नमुन्यात फार थोडे, सबब त्यांचे आकडे वेगळे दिलेले नाहीत. ही ओळ डेल्फीन स्वतःच्या हातांनी टाइप करत आली होती. तिची मावशी, मामा, चुलते, शाळेतल्या मैत्रिणी, उत्तरेकडची सगळी दिने जमातीची माणसं त्या एका ओळीत गडप होत. त्या वर्षी ती टाइप करता करता तिचा हात थांबला, आणि ती उठून थेट साहेबांच्या खोलीत गेली.

रसेल किंडर हा तिचा साहेब. माणूस वाईट नव्हता, फक्त फार दमलेला असायचा.

"तिकडे फोन लागत नाही," तो म्हणाला. "लागला तर कुणी उचलत नाही. उचलला तर समोरच्याला इंग्रजी नको असतं. काय करू मी?"

"काही करू नका. मला गाडी द्या आणि थोडे दिवस द्या. मी दारोदार जाऊन विचारते, आमच्या भाषेत."

"तुला येते ती अजून?"

"मावशीशी भांडण्यापुरती येते."

रसेल हसला. खिडकीबाहेर बघत त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "जा. पण नियम सगळे पाळायचे. घरं आपण नकाशावर चिठ्ठ्या टाकून काढू, त्याच घरी जायचं. आणि येताना मला मटण आणू नकोस, मागच्या वेळी गाडीभर वास सुटला होता."

थेल्मा मावशी उत्तरेकडे चिनले गावात राहायची. उभी हयात तिने शाळेची बस चालवली होती, त्यामुळे त्या मुलखातला प्रत्येक कच्चा रस्ता, प्रत्येक ओढा, प्रत्येक चावरं कुत्रं तिला ठाऊक होतं. भाचीच्या मदतीला ती एका पायावर तयार झाली. पहिली अडचण आली ती स्वयंपाकघराच्या टेबलावरच.

"आज निवडणूक झाली, तर तुम्ही मत कुणाला द्याल," डेल्फीनने कंपनीचा प्रश्न जमेल तसा दिने भाषेत म्हणून दाखवला.

मावशी कॉफी ओतता ओतता थांबली. "असं विचारू नकोस गं. आज निवडणूक आहे ऐकून म्हातारी माणसं बूट घालून गाडीत येऊन बसतील. त्यांना परत उतरवणार कोण, तू?"

बराच वेळ दोघींनी त्या एका वाक्याची घासाघीस केली. डेल्फीनचं क्रियापद चुकलं की मावशी कपाळाला हात लावायची. शेवटी दोघींना पटेल असा प्रश्न तयार झाला. मतदानाच्या दिवशी कौल कुणाला द्यायचं तुमच्या मनात आहे? बस, एवढाच. डेल्फीनने तो गाणं पाठ करावं तसा पाठ केला.

चिठ्ठीत पहिलं घर निघालं ते अस्बा आजीचं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे दोघींनी कंपनीचा छोटा ट्रक लांब उभा केला आणि कुणी बाहेर येईपर्यंत गप्प बसून राहिल्या. आजी दारात आली, हात डोळ्यांवर धरून तिने पाहिलं आणि या म्हणून मान हलवली. आत चुलीजवळ बसल्यावर डेल्फीनने आधी आपलं कूळ सांगितलं. आईकडून कडू पाण्याचं कूळ, बापाकडून पाण्याकाठचं. आजीचा चेहरा एकदम उजळला.

"कडू पाण्याचं? माझी आई त्यातली. म्हणजे तू माझी नात झालीस. आता तूच सांग, कौल कुणाला देऊ?"

"ते मला सांगता यायचं नाही, आजी. मी तुम्हालाच विचारायला आले आहे."

"हारग्रोव्हबाईला द्या," मावशी मधेच म्हणाली. "आपला रस्ता डांबरी करून देते म्हणालीय ती."

"मग हारग्रोव्हबाईला," आजी लगेच म्हणाली. "लिही."

डेल्फीनने पेन खाली ठेवलं. मावशीशी आजवर ती भांडली होती, रुसली होती, पण तिला हुकूम कधी केला नव्हता. "मावशी," ती हळूच म्हणाली, "तू ट्रकमध्ये जाऊन बस."

आजीने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मावशी उठली आणि बाहेर गेली.

पुढच्या घराच्या वाटेवर ट्रक खडबडत राहिला. समोर बघत मावशी म्हणाली, "बसमधून मी पोरं उतरवायची. मला कुणी उतरवलं नव्हतं आजवर."

"तू दिलंस ते उत्तर तुझं होतं गं. आजीचं नव्हतं. आपल्या लोकांच्या वतीने बोलणारे आजवर काय थोडे झाले? फिनिक्सवाले बोलतात, वॉशिंग्टनवाले बोलतात, मिशनवाले बोलायचे. त्यात आता तू आणि मी नको. मला आजीचंच उत्तर हवंय. ते डनलेव्हीला असलं तरी हवंय."

 पुढच्या घराशी ट्रक थांबला, तेव्हा मावशीने खिडकीची काच वर केली, डोक्यावरची टोपी नाकापर्यंत ओढली आणि म्हणाली, "जा तू. मी झोपलेय."

खरा पेच पडला तो होस्की बिटसिली आजोबांच्या अंगणात. आजोबा नव्वदीकडे झुकलेले, पण ताठ. मेंढ्यांना पाणी दाखवून ते सावलीत बसले, डेल्फीनचं कूळ ऐकलं, आणि म्हणाले, "म्हणजे तू माझी लेक लागतेस. मग कसं बोलू? लेक समोर बसली की माणूस तिला बरं वाटेल तेच बोलतो. तुझ्या मनात कोण आहे मला ठाऊक नाही. पण मी तुझ्या डोळ्यांत बघून ते शोधत बसणार, आणि तेच सांगणार."

 कंपनीच्या नियमात होतं, नातेवाइकांची मुलाखत घ्यायची नाही. आणि इथे तर कूळ सांगितल्याशिवाय दार उघडत नव्हतं, सांगितलं की सगळेच नातेवाईक निघत होते.

आजोबा आपल्याच नादात पुढे बोलत होते. "मी तरणा होतो तेव्हा मत द्यायला गेलो, तर टेबलामागच्या माणसाने इंग्रजी कागद वाचायला दिला. मला येईना. त्याने मला परत पाठवलं. रांगेत माझा बाप उभा होता, त्याच्यासमोर. पुढे कायदा बदलला. आता मी आत जातो, पडदा ओढतो, तिथे मी एकटा. बापसुद्धा नाही, लेकसुद्धा नाही. मला तो पडदा आवडतो."

डेल्फीन उठली. ट्रकमध्ये दोन्ही उमेदवारांची प्रचाराची पत्रकं पडली होती. त्यांतले सारख्या आकाराचे फोटो तिने कापले, एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवले आणि एका लिफाफ्यासह आजोबांच्या हातात ठेवले. "मेंढ्यांच्या वाड्यामागे जा, आजोबा. ज्याला द्यायचं त्याच्यावर खूण करा, लिफाफा चिकटवा आणि मला द्या. कुणाचा लिफाफा कुठला, ते उघडताना मला कळणार नाही."

आजोबा काठी टेकत वाड्यामागे गेले. तिथे ते चांगले रेंगाळले. परत आले ते बंद लिफाफा छातीशी धरून, आणि तो देताना त्यांनी टोपी काढली.

त्या दिवसापासून सगळीकडे लिफाफेच चालले; कागदाच्या खाली 'मतदानाला नक्की जाणार' म्हणून खूण करायला एक चौकटही असे. आधीची उत्तरं डेल्फीनने बाजूला टाकली आणि त्या घरांना दोघी पुन्हा गेल्या. अस्बा आजीने दारातूनच विचारलं, "आता मत बदललं तर चालेल का?" चालेल म्हटल्यावर ती खूश होऊन कागद घेऊन आत गेली. कुणी ट्रकमागे गेलं, कुणी चुलीकडे पाठ करून बसलं. एका बाईने नवऱ्याला अंगणात पिटाळलं. मावशी आता बाहेर थांबलेल्या नवऱ्यांना आणि पोरांना गप्पांत गुंतवून ठेवायची, म्हणजे आत कुणी डोकवायला नको. हे काम तिला भलतंच जमलं.

फिनिक्सला लिफाफे उघडले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. तिकडच्या माणसांनी हारग्रोव्हबाईंना भरभरून कौल दिला होता, आणि मतदानाला नक्की जाणार असं सांगणारी माणसं कुणाला वाटलं नव्हतं इतकी होती. ते आकडे राज्याच्या आकड्यांत योग्य त्या वजनाने मिसळले, तर डनलेव्हीची दोन टक्क्यांची आघाडी विरघळून गेली. लढत बरोबरीत होती.

रसेलने कागद दोनदा वाचले. "यातले किती तुझे नातेवाईक?"

"तुमच्या मोजणीने दोन घरं, आणि ती मी सोडून दिली. आमच्या मोजणीने जवळजवळ सगळे."

"चाचणी ज्या वाहिनीसाठी आहे, तिथली माणसं हेच धरून बसतील."

"बसू देत. नातं दार उघडण्यापुरतं लागलं. उत्तर लिफाफ्यात होतं, आणि ते मलाही दिसलं नाही. तुमच्या फोनवाल्या पोरांना तरी एवढं सांगता येईल का?"

रसेल खुर्चीत मागे रेलला. "राज्यात बरोबरी म्हणणारे आपण एकटे असू. चुकलो तर हसं होईल."

"मग खाली माझं नाव घाला."

"तुझं घालतो," तो म्हणाला, "आणि त्याच्या वर माझं."

चाचणी छापून आली आणि हसं व्हायचं ते झालंच. डनलेव्हीचा प्रवक्ता टीव्हीवर म्हणाला की या कंपनीने बहुतेक मेंढ्यांची मतं मोजली. स्टुडिओतली माणसं हसली. मावशीचा फोन लगेच आला.

"मेंढ्यांना विचारलं असतं तरी त्यांनी त्याला दिलं नसतं. गुरांचा व्यापारी तो."

"मावशी, मी हे ऐकलेलं नाही."

"नको ऐकूस. दुसरं ऐक." मावशीने फोन रेडिओजवळ धरला. विंडो रॉक या दिने गावच्या स्टेशनवरचा निवेदक चाचणीचे आकडे दिने भाषेत वाचत होता. सावकाश, एकेक आकडा सुटा करून, आणि प्रश्नही तोच, दोघींनी टेबलावर घासूनपुसून केलेला. डेल्फीन कचेरीत उभी राहून ऐकत होती. आजूबाजूच्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तिचा चेहरा बघून शेजारच्या माणसाने आपला फोन खाली ठेवला आणि तोही उठून उभा राहिला.

निवडणूक झाली, पण निकाल काही लवकर लागेना. मोजणी दिवसचे दिवस चालली. आज हा पुढे, उद्या ती. शेवटी उत्तरेकडच्या पेट्या आल्या, आणि हारग्रोव्हबाई एवढ्याशा फरकाने निवडून आल्या की सबंध राज्यातली त्या फरकाची माणसं एखाद्या फुटबॉलच्या मैदानात मावली असती. रसेल डेल्फीनच्या टेबलाशी आला. शाबासकी देणं त्याला कधीच जमायचं नाही. त्याने तिच्यासमोर स्वतःच्या हाताने केलेला कॉफीचा कप ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तू तिकडे आणखी चार माणसं तयार कर. कोण ते तूच निवड."

डिसेंबरात डेल्फीन पुन्हा चिनलेला गेली. विचारायला येणारे पुष्कळ असतात, काय निघालं ते सांगायला कुणी परत येत नाही, असं होस्की आजोबा लिफाफा देताना म्हणाले होते. गावसभेच्या सभागृहात लोक जमले होते. म्हातारी माणसं पुढे, पोरंबाळं मागे. मावशीने इस्त्रीचा झगा आणि सगळे फिरोजी दागिने घातले होते. 'ही माझी लेक' म्हणून तिने डेल्फीनची ओळख करून दिली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. मावशीही आईच असते तिकडे.

डेल्फीनने आकडे सांगितले. एका शब्दावर ती अडली, तेव्हा अस्बा आजीने तो खालून पुरवला आणि ती पुढे गेली. सांगून झाल्यावर मागच्या रांगेतला एक रुंद खांद्यांचा माणूस उभा राहिला. हातात हॅट होती.

"मी डनलेव्हीला दिलं होतं," तो म्हणाला. सभागृहात कुजबुज झाली. त्याने ती संपेपर्यंत वाट पाहिली. "माझं मोजलं का?"

"मोजलं," डेल्फीन म्हणाली. "इतर कुणाचंही मोजलं तेवढंच."

त्याने मान डोलावली. "मग ठीक," म्हणाला, आणि खाली बसला. शेजारच्या म्हातारीने त्याच्या हातावर थोपटल्यासारखं केलं.

मग एकेक प्रश्न येत गेले. विहिरींबद्दल का नाही विचारलं? दवाखान्याबद्दल? पुढच्या वेळी तरुण पोरांना वेगळं विचारणार का, ती आमच्यासारखा विचार करत नाहीत. डेल्फीन प्रत्येकाला उभ्याने उत्तर देत होती, अडखळत, पण त्यांच्याच भाषेत. कॉफीचं मोठं भांडं रिकामं झालं तरी कुणी उठेना. तेव्हा थेल्मा मावशी उठली आणि दुसरं चढवायला गेली.