भिलाआबांच्या शेडमधली बासरी

मित्रांनो, मी एक जुनी बासरी आहे. जत्रेत पोरं फुंकत फिरतात ती नव्हे, शास्त्रीय संगीताची. त्या चिमुकलीपेक्षा मी दुपटीने लांब आणि आवाजाने कितीतरी खोल आहे. हे मी जरा तोऱ्यात सांगते आहे हे खरं. पण एवढा तोरा असूनही श्वास माझा स्वतःचा नाही. कुणीतरी ओठ टेकवून आपला श्वास माझ्यात सोडतं, तेव्हाच मी बोलते. इतकी वर्षं झाली, तरी याचं मला नवल वाटतं.

माझा बांबू आसामकडचा. पातळ सालीचा आणि लांब पेराचा. कारागिराने तो सावलीत पुष्कळ दिवस वाळवला आणि मग तापलेल्या सळईने मला भोकं पाडली. दुखलं का, असं मुलं विचारतात. दुखलं. नंतर त्याने माझ्या अंगाला लाल दोरा गुंडाळला, आतून तेल फिरवलं आणि फुंकून पाहिलं. माझ्यातून षड्ज निघाला. कारागिराने मला इतर बासऱ्यांत न ठेवता वेगळं ठेवलं. माझा तोरा तिथूनच सुरू झाला असावा.

सुरतेच्या नवनीतभाईंनी मला घेतलं. ते बासरी शिकवायचे. त्यांच्याकडे दर रविवारी खांडबाऱ्याहून रेल्वेने एक मुलगी यायची. तिचं नाव दीपमाला. गाडीत जागा मिळाली नाही तर ती दाराजवळ उभी राहून यायची, पण यायची. शिक्षण संपत आलं तेव्हा नवनीतभाईंनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हिला रोज बोलती ठेव. रोज म्हणजे रोज."

मला वाटलं, आता मोठमोठे रंगमंच, मखमली पडदे. आणि मी येऊन पडले कोंबड्यांच्या शेजारी! दीपमालाचे वडील, भिलाआबा, मूळचे तापीकाठचे शेतकरी. खांडबाऱ्याजवळ शेत घेऊन त्यांनी पोल्ट्री टाकली होती. घर आणि शेड यांच्यामध्ये फक्त अंगण. वारा फिरला की भाताच्या तुसाचा आणि कोंबड्यांचा वास थेट माझ्या पोटात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, म्हणजे मला नाक असतं तर झोंबल्या असत्या.

दीपमालाने मात्र ठरवून टाकलं होतं की नोकरी करायची नाही, बासरीवरच जगायचं. सकाळी ती मोबाइलवरून लांबच्या मुलांना शिकवायची. कुणी ध्वनिमुद्रणाला बोलावलं की सुरतेला जायची. वरातीत वाजवायचं नाही, पण कुणी खाली बसून ऐकणार असेल तर कुठेही जायचं, हा तिचा नियम होता. तिच्यावर ना साहेब, ना घंटा. तरीही पहाटे बांधापलीकडच्या आंब्याखाली रियाजाला बसायला ती कधी चुकली नाही. स्वतःच स्वतःला हाक मारून उठणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

भिलाआबांना हे पटत नव्हतं. ते म्हणायचे, "हातनं सोडीसन पळताना मांगे कसाले लागस, माय?" नंदुरबारच्या एका शाळेत प्रार्थना आणि समूहगीतं बसवायला बाई हवी होती. आबांनी तिथे शब्द टाकून ठेवला होता. दीपमाला हो म्हणत नव्हती, आबा विषय सोडत नव्हते.

आता त्या दिवसाचं सांगते. पोल्ट्रीवाल्यांची एक रीत असते. शेडमध्ये शिरण्याआधी ते बाहेरून खाकरतात, हळूच हाक देतात आणि मगच कडी काढतात. कोंबडी मोठी भित्री. अचानक आवाज झाला की सगळ्या एकाच कोपऱ्यात धावतात, एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात. आबा आपल्याच शेडमध्ये पाहुण्यासारखे शिरायचे. दीपमालाला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती.

त्या सकाळी ती रियाजाहून परतत होती आणि शेडजवळ आली तेव्हा फोन वाजला. सुरतेच्या एका संगीत मंडळाने तिला संक्रांतीनंतरच्या बैठकीत तासभर एकटीने वाजवायला बोलावलं होतं. तिच्या आयुष्यातली ती पहिली पूर्ण बैठक. तिने फोन ठेवला, मला ओठाला लावलं आणि आनंदाच्या भरात, होता नव्हता तेवढा श्वास घालून, तार षड्ज फुंकला.

जाळीच्या आत एकदम वादळ उठलं. पंख, धूळ, कलकलाट. आबा धावत आले. बिचाऱ्यांनी दोन्ही हातांनी कोपऱ्यातला ढीग उपसला, पण खालच्या कोंबड्या गेल्या होत्या. पाट्या भरभरून त्या बाहेर काढाव्या लागल्या. दीपमालाही पाट्या उचलत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं, कारण काखेत धरलेली मला खाली ठेवायलाही ती विसरली होती.

"आबा, मन्हं चुकनं," ती म्हणाली.

आबा ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "आते शेतवर बासरी वाजानी नही. आनि ही बॅच गई का तू शाळाम्हा जाशी."

दीपमालाने मान डोलावली आणि पुढची पाटी उचलली. 

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. ती रोज पहाटे उठायची, मला आडवी धरायची, डोळे मिटायची आणि माझ्यावर फक्त बोटं चालवायची. श्वास नाही. सगळा राग, सगळ्या ताना, पण मुक्या. मी आतून कोरडी पडत चालले होते. एवढं कळत होतं की या मुलीच्या आत सूर थांबलेला नाही, तो फक्त माझ्यापर्यंत येत नाही. आवाजाशिवायही कुणी इतकं नेटाने वाजवू शकतं, हे मला तेव्हा समजलं आणि माझा सगळा तोरा उतरला.

यथावकाश कोंबड्या न्यायला गाड्या आल्या आणि ती बॅच विकली गेली. शेड झाडलं, धुतलं, आबांनी भिंतींना चुना मारायला घेतला. शाळेत रुजू व्हायला थोडेच दिवस उरले होते. दीपमाला दाराशी येऊन उभी राहिली. "आबा, आते तं शेड खाली शे. एकदाव वाजाडू?"

आबांनी वळून पाहिलं नाही. "वाजाड," म्हणाले.

ती आत आली आणि खालच्या, अगदी खालच्या षड्जावर इतक्या हळू आली की मी बोलू लागले हे मलाच आधी कळलं नाही. ते लांबलचक पांढरं शेड, सोडलेले पडदे, वर पत्रा. माझा सूर पार टोकाला गेला, तिथे क्षणभर थांबला आणि भरून परत आला. मी थरारले. सुरतेच्या कुठल्याही खोलीत मी स्वतःला असं ऐकलं नव्हतं. मखमली पडद्यांची हौस त्याच घटकेला फिटली. एवढं मोठं घर आपल्याला मिळालं होतं आणि आपण त्याच्या वासाला नाकं मुरडत होतो!

चुन्याचा ब्रश थांबला होता. आबा म्हणाले, "इतलं धीरे वाजाडता येस तुले? मंग त्या दिवशे कसाले बोंबलनी?"

"आनंद व्हयना व्हता, आबा."

आबा पुन्हा भिंतीकडे वळले. त्या दिवशी त्यांनी एकच भिंत दोनदा रंगवली.

काही दिवसांनी नवी पिल्लं आली. खोक्यांतून काढून ती नव्या तुसावर सोडली, वर बल्ब लावले. पिवळी, मुठीत मावतील एवढी, आणि चिवचिव तर विचारू नका. दीपमाला घरात शाळेसाठी कपडे भरत होती. तेवढ्यात अंगणातून आबांची हाक आली. "माय, तुन्हं वाजं लई ये!"

ती मला घेऊन धावली. "काय व्हयनं?"

"काही नही. पिल्लास्ले पहिला दिनपाईन आवाज माहीत व्हवाले पाहिजे. मंग मोठं व्हईसन बिचकाव नहीत." ते तूस सारखं करत राहिले आणि वर न बघता म्हणाले, "त्या शाळाले मी सांगी दिधं, नही म्हनीसन."

दीपमालाला पहिली फुंक घालताच येईना.  मग आबा खाकरले, शेडमध्ये शिरताना खाकरायचे तसेच, आणि ती सावरली. तिने खालचा षड्ज लावला. चिवचिव काही थांबली नाही. पण त्या हजारो इवल्या आवाजांच्या खाली माझा एक आवाज जाऊन बसला, आणि हळूहळू पिल्लं बल्बच्या उजेडात एकमेकांना टेकून झोपू लागली. काल अंड्याबाहेर आलेल्या जिवांनी या जगात पहिल्यांदा ऐकलेल्या आवाजांत मी होते. मी काय सांगू!

सुरतेची बैठक झाली. दीपमालाने सुरुवात इतक्या खालून, इतक्या हळू केली की ऐकणारे पुढे सरकून बसले. तेव्हापासून तिची बोलावणी वाढली, शिष्यही वाढले. रियाज मात्र शेडमध्येच होतो.

परवा आबांचे शेजारी दोधूअप्पा अंगणात चहाला बसले होते. दीपमाला ओट्यावर मला तेल लावत होती. अप्पांनी लेकीबद्दल विचारलं, "भिला, तुन्ही आंडेर आते काय करस?"

"बासरी वाजाडस."

"ते दखाई ऱ्हायनं. पन काम काय करस?"

आबांनी कप खाली ठेवला. "तेच सांगी ऱ्हायनू ना, दोधू. बासरी वाजाडस."

दीपमालाचा हात माझ्यावरच थांबला.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना उन्हात टाकू नका, अधूनमधून तेल लावा, रोज थोडं तरी बोलतं ठेवा. पण तुमच्या घरात कुणी काही वाजवत असेल, गात असेल, तर एवढ्यावर थांबू नका. दारात कुणी विचारलं की हे माणूस काय करतं, तर आबांसारखं सांगा. तेवढं ऐकून त्या दिवशी दीपमालाने जो पहिला श्वास माझ्यात सोडला, तसा मला आजवर कुणी दिलेला नाही.