खालची हवा

कुंडलिकने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. उघडली की धूर आत यायचा, लावली की मीरा म्हणायची, "गुदमरतंय." जानेवारीची सकाळ, बायको उशीला टेकून खोकतेय, आणि या माणसाचा पाय काही एका जागी ठरेना.

घाटकोपरच्या डोंगरावर दोघांनी निम्मा संसार काढला होता. पायऱ्यांवरून हंडे वाहून वाहून मीराला धाप लागायला लागली, तेव्हा कुंडलिकने ठरवूनच टाकलं की दोष पायऱ्यांचा. पायथ्याच्या नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर घर मिळालं. नळ थेट मोरीत! राहायला आले त्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर गडी छाती काढून म्हणाला, "मेलो तरी त्या डोंगरावर परत पाय ठेवणार नाही. माणसं राहतात काय तिथं?" त्याचा धाकटा भाऊ अनिरुद्ध आणि भावजय सपना तिथंच राहत होती. दोघं मूग गिळून जेवली. जिभेला हाड नसतं, दुसरं काय!

पावसाळा छान गेला. मीरा खोकली नाही, आणि त्याचं श्रेय कुंडलिकने स्वतःकडे घेतलं. मग दिवाळी सरली, गारठा पडला आणि सगळी वाट लागली. कुंडलिक कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याशी भांडला, पाला जाळणाऱ्या वॉचमनशी भांडला, रस्ता खणणाऱ्यांशीही भांडला. मीराचा खोकला काही हटला नाही. शेवटी दवाखाना गाठावा लागला, आणि तिथंही त्याने बेकरीलाच दोष दिला.

"अहो, बेकरी पावसाळ्यातही चालूच होती ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हा पाऊस सगळं धुऊन न्यायचा. आता रात्री गार हवा खाली बसते आणि वर ऊबदार हवेचं झाकण पडतं. इकडे डोंगर, तिकडे टॉवर, मधे मिठी नदीकडचा हा सखल भाग. धूर जाणार कुठे? दुपारी समुद्राकडून वारा सुटला की जरा बरं वाटतं ना?"

मीराने मान हलवली.

"औषध चालू ठेवा. पण थंडी सरेपर्यंत राहायला जरा उंचावर कुणी नातेवाईक आहे का?"

"नाही," कुंडलिक म्हणाला.

मीराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भांडायला श्वास लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

संध्याकाळी तिने पिशवी भरली आणि अनिरुद्धला फोन लावला. तो घ्यायला आला तेव्हा कुंडलिक टीव्हीकडे तोंड करून बसला होता. "जायचं तर जा," तो म्हणाला, "मी येणार नाही." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा. अनिरुद्ध तिला धरून, पायरी पायरीवर थांबवत, वर घेऊन गेला.

त्या रात्री घरात खोकला नव्हता, आणि कुंडलिकला झोपही नव्हती. खोकला ऐकू येत होता तोवर ती आहे हे तरी कळायचं. एवढ्या पायऱ्या चढून वर तिला काही झालं असेल तर? फोन हातात घ्यायचा, ठेवायचा. उजाडल्या उजाडल्या चपला अडकवून तो निघाला आणि शपथ बिपथ विसरून डोंगर चढायला लागला.

बुद्धविहारापाशी दम खायला थांबला आणि मागे वळला. वर लख्ख ऊन होतं. खाली मात्र करड्या धुराचा थर पसरला होता, शेगडीवर ओली लाकडं घातल्यासारखा. त्याने आपली इमारत शोधली. पाण्याची टाकी तेवढी दिसली. आपल्या हातांनी आपण तिला त्यात नेऊन ठेवलं, हे त्याला तिथं कळलं.

दारात सपना होती. "या दादा. चहा ठेवते," एवढंच म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मीरा ओट्यावर मेथी निवडत बसली होती. त्याला पाहताच तिने जुडी खाली आपटली.

"आलात? डॉक्टरीणबाईसमोर सख्ख्या भावाला नाही म्हणालात, लाज नाही वाटली, ही सपना माझ्यासाठी रात्रभर जागी राहिली आणि तुम्ही हिला माणसात धरलं नव्हतंत, आणि आता स्वेटर न घालता चढून आलात, म्हणजे उद्या तुमचंही मलाच बघायचं!"

कुंडलिक ऐकतच राहिला. मधे कुठे ती थांबली नव्हती. खोकली नव्हती. कित्येक दिवसांत तिच्या तोंडून एवढं सलग वाक्य त्याने ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"काय बघताय असं?"

"अजून बोल ना," तो म्हणाला.

सपना चहा घेऊन आली. त्याने तो उभ्यानेच प्यायला, कप ठेवला आणि भावजयीच्या डोळ्यांत न बघता विचारलं, "थंडी सरेपर्यंत ही इथं राहिली तर चालेल ना गं?"

"विचारताय काय दादा? घर तुमचंच आहे."

"नळ अजून खालच्या वळणावरच आहे ना?"

"हो. का?"

कुंडलिकने कोपऱ्यातला रिकामा हंडा खांद्यावर घेतला आणि पायऱ्या उतरायला लागला.