लख्ख काच

मावशीने काच पुसली की तिथे काच आहे हे माणसालासुद्धा कळत नसे. म्हणूनच कंपनीच्या दोन इमारतींना जोडणारा नवा काचेचा बोळ तिच्याकडे आला. बाहेर बाग होती, आणि लख्ख काचेत तीच बाग पुन्हा दिसायची. पाखरांना दोन्ही बागा सारख्याच. ती भरधाव यायची, थाडकन आपटायची आणि पायरीवर पडायची.

पहिल्या आठवड्यात तीन पडली. मग थंडी पडली, लांबून येणारे थवे उतरू लागले, आणि सकाळी आधी सुपलीत पाखरं गोळा करायची, मग बादली भरायची, असा तिचा क्रमच झाला. काही अजून ऊबदार असायची. आपण जितकं चोख पुसतो तितकी जास्त मरतात, हे एक दिवस तिच्या ध्यानात आलं. सव्वीस वर्षं ज्या हातांचं सगळ्यांनी कौतुक केलं, तेच हात तिला नकोसे झाले.

तिने साहेबांना गाठून सांगितलं, बाहेरून चार-चार बोटांच्या अंतरावर पांढरे पट्टे ओढले तर पाखरांना काच दिसेल, नुसता चुना पुरेल. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. शुक्रवारी पाहुणे येणार आहेत, ते गेले की बघू, म्हणाले. मग ती साबणाचे ओघळ मुद्दामच ठेवू लागली, तर दुपारपर्यंत तक्रार गेली. घरी नवरा म्हणाला, पाखरांपायी स्वतःच्या पोटावर पाय आणशील.

गुरुवारी सकाळी धुकं होतं. पायरीवर एकोणीस पडली होती, त्यातलं एक फडफडत होतं. तिने ते ओंजळीत घेतलं. इवलीशी छाती तिच्या अंगठ्याखाली धडधडत राहिली आणि मग थांबली. मावशी उठली, जिन्याखालचा चुन्याचा डबा काढला, शिडी लावली आणि पट्टे ओढत सुटली.

साहेब धावत आले. "मावशी, खाली उतरा. हे आत्ताच्या आत्ता पुसा."

"मी नाही पुसणार. दुसऱ्या कोणाला सांगा."

त्यांनी लिफ्टवाल्याला सांगितलं. त्याने तासाभरात काच लख्ख केली. मावशीला उद्यापासून येऊ नका म्हणून निरोप मिळाला आणि बोळाचं काम लिफ्टवाल्याकडे गेलं.

शुक्रवारी तिला घरात बसवेना. मागच्या कुंपणाच्या फटीतून ती बागेत शिरली. आत पाहुणे बोळातून चालले होते आणि बाहेर ही खराटा उंचावून, घसा बसेपर्यंत ओरडत काचेपुढे धावत होती. या टोकाला हाकलावं तर थवा त्या टोकाला वळे. आत कोणी थबकलं, कोणी मोबाईल काढला. तिच्या डोळ्यांदेखत सहा आपटली. शेवटी पहारेकऱ्याने तिला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं.

लिफ्टवाला मागोमाग आला. त्याला तिच्या नजरेला नजर देववेना.

"तू ओढशील पट्टे?" तिने विचारलं.

"मावशी, माझी दोन लहान लेकरं आहेत."

 

"मग निदान लवकर येत जा. एखादं जिवंत असतं. पाणी पाजू नकोस. झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेव. तासा-दोन तासांनी झाडाजवळ सोड."

 तो म्हणाला, "खोकं केवढं लागेल?"