उज्ज्वला ठणठणीत आहे

मित्रांनो, आधी कानांवरचे हात काढा. मी भाजीवाल्याचा जुना भोंगा आहे आणि माझी कहाणी हळू आवाजात सांगता येत नाही. माझी कड चेपली आहे, मूठ तारेने बांधली आहे, बॅटरीचं झाकण कधीच हरवलं. भंगारवाल्याने मला दोनदा उचलून पाहिलं आणि दोन्ही वेळा उज्ज्वलाने त्याच्या हातातून मला हिसकावून घेतलं. का, ते ऐका.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. कारंज्याच्या एका दुकानात खोक्यात पडून होतो, तिथून मुकेशने मला आणलं. शेलूबाजारजवळ त्याचं अर्ध्या एकराचं भाजीचं वावर आहे. सकाळी तो आणि त्याची बायको उज्ज्वला माल तोडत, मग मुकेश मोपेडला कॅरेट बांधून गावोगाव निघे. मी हँडलला लटकलेला असे. माझं लाल बटण दाबून बोललं की मिनिटभराचं बोलणं माझ्या पोटात राहतं आणि मी तेच दिवसभर ओरडतो. नवं भरलं की जुनं पुसलं जातं. खरं-खोटं मला कळत नाही. "वांगे घ्या, भेंडी घ्या, सांबार घ्या!" सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आसेगावच्या बायका म्हणत, एक वेळ घड्याळ चुकेल, पण मुकेशचा भोंगा चुकणार नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

मग मुकेश मला गल्लीच्या तोंडाशीच बंद करू लागला. मला वाटलं, बिचारा माझी बॅटरी वाचवतो आहे. कसली बॅटरी! झाडाखाली मोपेड लावून तो मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत असे. आधी थोडं जिंकला, मग हरला, मग हरलेलं परत मिळवायला निघाला आणि आणखी हरला. त्यानंतर तो एकेका दारात जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलू लागला.

एके दिवशी त्याला ताप आला, म्हणून उज्ज्वला मोपेड घेऊन आसेगावला आली. मनकर्णाबाई ही आमची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. तिने वांग्यांकडे पाहिलंच नाही.

"अवं पोरी, तू गाडी चालवून राह्यली? टाके दुखत नाईत का?"

"कायचे टाके?"

"पोटाच्या ऑपरेशनचे! मुकेश रडत होता माह्या दारात. म्या बकरी इकून पाच हजार देल्ले त्याले."

उज्ज्वलाने मला बंद केलं. त्या दिवशी अकरा घरांत तिला तिच्या न झालेल्या ऑपरेशनची विचारपूस ऐकावी लागली. एका घरात तर तिला बसायला खुर्ची दिली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ जीप घेऊन आला. "चाल माहेरी," म्हणाला.

"मी काहून जाऊ? या वावरात माहे हात राबले. खोटं मी बोलली का?"

सासू हौसाबाई हात जोडून म्हणाली, "घरातलं घरात राहू दे वं माय. मानसाची इज्जत जाईन."

"घरातलं घरात राह्यलं म्हनून तं एवढं झालं, आत्याबाई."

मुकेश स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेऊ लागला, तशी ती त्याच्यावर कडाडली. "शपथ नोको मले. पैशाचं मी पाह्यलं असतं. पन तुमी अकरा दारात मले बिमार पाडलं. आता त्याच दारात मले बरी करा. आन हळू नाई. याच्यात बोला." असं म्हणून तिने मला त्याच्यापुढे आदळलं. माझी कड चेपली आहे ती तेव्हाची.

दोन दिवस त्याने मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वांग्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून लाल बटण दाबलं. पहिल्यांदा त्याचा आवाजच फुटेना. "ऐकू नाई आलं," उज्ज्वला म्हणाली. "पुन्हा भरा." चौथ्या वेळी भरलं गेलं ते असं:

"वांगे घ्या, भेंडी घ्या! मी मुकेश बोलून राह्यलो. माही बायको उज्ज्वला ठणठणीत हाये. तिचं कोनतंच ऑपरेशन झालं नाई. म्या खोटं बोलून पैसे घेतले आन जुगारात घातले. सगळ्याचे फेडीन. तिले इचारल्याबिगर मले कोनी उसने देऊ नका. सांबार घ्या!"

काय सांगू मित्रांनो, मी जन्मात एवढ्या जोरात ओरडलो नव्हतो! कोणी हसलं, कोणी तोंडावर दार लावलं. पोरं मागे धावत, "उज्ज्वला ठणठणीत हाये!" मुकेशची मान हँडलला टेकायची बाकी होती. मागे उज्ज्वला ताठ बसली होती. मला लाज वाटली नाही. लाज वाटायची ती मुकेशला दारोदारी हळू बोलताना वाटायला हवी होती.

म्हणून लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. विक्रीचा पैसा तिच्या हातात जाई आणि एकेका दारात फेड होई. तरी मुकेशला यायला उशीर झाला की ती चहाच्या टपरीवाल्या जगदेवला फोन करून विचारी, "ते तिथं हाये का?" मुकेशला ते झोंबे. मला दोघांचं वाईट वाटे.

उन्हाळ्यातली एक दुपार. मुकेश घरी आला आणि चप्पल काढायच्या आधी बोलला.

"जगदेवच्या टपरीवर पोरं खेळत होते. एकानं मोबाइल देल्ला. म्या एक डाव खेळलो. पैसे नाई लावले, पन खेळलो."

घरच्या कोणी पाहिलं नव्हतं. कोणी सांगायला येणार नव्हतं. उज्ज्वलाने ताट वाढलं.

"इचारायच्या आधी सांगतलं तुमी," ती म्हणाली. "पह्यल्यांदा." त्यानंतर जगदेवला तिचा फोन गेला नाही.

पावसाळ्यात दहा घरं फिटली. तिने माझं लाल बटण चाचपत विचारलं, "पुसू का आता?"

"नोको," मुकेश म्हणाला. "मनकर्णाबाईचे राह्यले. तिच्या गल्लीत वाजू दे."

दिवाळीच्या तोंडावर तेही फिटले. मनकर्णाबाईने पैसे कनवटीला लावले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तं बंद करा रे बाप्पा हे! आमच्या कोंबड्यायले बी पाठ झालं."

उज्ज्वला खळखळून हसली. तिथेच, भर गल्लीत, तिने बटण दाबलं आणि स्वतः ओरडली, "वांगे घ्या, भेंडी घ्या!" मागून मुकेश घाईघाईने म्हणाला, "सांबार राह्यलं वं, सांबार!" तेही भरलं गेलं. आज मी दोघांच्या आवाजात ओरडतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला पावसात ठेवू नका, काम नसताना त्याची बॅटरी काढून ठेवा. आणि कधी कोणाच्या नावावर खोटं बोलून बसलात, तर ज्या दारात बोललात त्याच दारात जाऊन खरं सांगा. आवाज फुटत नसेल तर मला घेऊन जा. मी आहे अजून.