माझ्या भिंतीत झोपलेला पैसा

मित्रांनो, मी एक जुने घर आहे. आयर्लंडमधल्या लाँगफर्ड गावाच्या कडेला एकमेकांना चिकटून आठ घरे उभी आहेत, त्यांतले सहावे. एके काळी मी कॉल्म आणि असम्प्टा गेराटी या नवराबायकोचे होते.

कर्ज काढून त्यांनी मला घेतले तेव्हा दोघे तिशीतले. कॉल्म गिलाव्याचा कारागीर. दिवसभर लोकांच्या भिंती गुळगुळीत करायचा आणि संध्याकाळी माझ्या. असम्प्टा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. दर महिन्याला हप्ता भरला, की माझा आणखी थोडा भाग बँकेच्या हातून सुटून त्यांचा व्हायचा.

"आज न्हाणीघर आपलं झालं," असम्प्टा म्हणायची. "जिना अजून बँकेचा आहे हं, जपून चढ."

अशी एकवीस वर्षे गेली. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी तिने माझा उंबरठा पुसला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

मग देशात पैशाचा वारा सुटला. जिकडेतिकडे नवी घरे उठली आणि माझी किंमत बसल्या जागी चौपट झाली. मी काहीच केले नव्हते. उलट माझे छप्पर गळत होते. किंमत ठरवायला आलेला तरुण अकरा मिनिटे थांबला, वर पाहिलेसुद्धा नाही, आणि दोन लाख युरोंचा आकडा लिहून गेला. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

कॉल्म एका हॉटेलातल्या सभेला जाऊन आला. बल्गेरियात, समुद्रकाठी फ्लॅट मिळत होते. बांधायचे बाकी होते, चित्रे मात्र तयार होती.

"भिंतीत पैसा झोपलाय, असम्प्टा. त्याला उठवू या. घरावर कर्ज काढायचं, तिकडे दोन फ्लॅट घ्यायचे. भाड्यातून फिटेल."

"तू जागा पाहिलीस का?"

"तुझ्या भावानं तीन घेतलेत. ज्या फिंटनला एक खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यानं."

"म्हणून आपणही वाकडा ठोकायचा?"

राहत्या घरावर कर्ज काढायचे तर आमच्याकडे बायकोची संमती लागते. सही करण्याआधी तिने स्वतःचा वेगळा वकील गाठावा, असे तो कागदच सांगतो. सल्ला नको असेल, तर तसे लिहून द्यायचे. वकील दोनशे युरो घेणार होता.

स्वयंपाकघराच्या टेबलावर असम्प्टाचे पेन थांबले.

"दोनशे कशाला घालवायचे? मी सांगतोय ना," कॉल्म म्हणाला.

"तू सांगतोयस, तीच तर भीती आहे," ती हसत म्हणाली. आणि सल्ला नको असे लिहून तिने सही केली. दार आपटून काही सुचवावे, तर वारा नव्हता.

दोन वर्षांत सगळे कोसळले. बांधकामे थांबली, गिलावा कुणालाच नको झाला. फ्लॅट बांधणाऱ्यांचा फोन लागेना. कॉल्म शेवटी स्वतः जाऊन आला आणि अंगातला कोट न काढता खुर्चीत बसला.

"गिलावा करायला भिंतच नाही गं तिथं," तो म्हणाला. "नुसते खांब."

तिने त्याच्या कोटाची बटणे सोडवली.

साठीला टेकलेला कॉल्म कामासाठी इंग्लंडला गेला. तो पाठवायचा ते पुरले नाही, आणि कोर्टाने मला बँकेच्या हवाली केले. चाव्या द्यायला असम्प्टा एकटीच होती. बहिणीकडे जायला निघाली होती.

"मागचं दार जरा उचलून ओढावं लागतं," तिने बँकेच्या माणसाला सांगितले.

"इथं आम्ही राहणार नाही, बाई."

"तरी सांगून ठेवते."

आता माझ्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या आहेत.

मित्रांनो, उद्या तुम्हीही घर घ्याल. हप्ते फिटतील, किंमत वाढेल आणि भिंतीत पैसा आहे असे कुणी सांगेल. असेलही. त्याच्या जोरावर दुसरे घर घ्यायचे तर घ्या, पण आधी ते उभे आहे का, हे पाहून या. आणि सही करताना घरातली कुणी थांबली, तर तिला घाई करू नका. चहा ठेवा, आणि का थांबलीस, असे विचारा.