लॅपटॉपमधली जागा

हॉस्पिटलमध्ये केबल ओढण्यात माझी उमर गेली. छताच्या फळ्यांवरून केबल न्यायची, भिंतीत सॉकेट बसवायचं, दोन्ही टोकांना नंबर चिकटवायचा. एखाद्या खोलीतलं इंटरनेट बंद पडलं की मला बोलावणं यायचं, आणि बहुतेक वेळा दोष केबलचाच निघायचा. कुणीतरी पलंग सरकवलेला असायचा, नाहीतर खुर्चीच्या चाकाखाली वायर चिरडलेली असायची.

या वर्षी देखभालीचं काम एका नव्या कंपनीकडे गेलं. त्यांच्या साहेबांनी आम्हाला बोलावून सरळ सांगितलं. ज्याच्याकडे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट असेल तो इथेच राहील, दिवसपाळीला. बाकीच्यांना फिरत्या पथकात घेऊ. आज या गावात काम, उद्या त्या गावात. घरी महिन्यातून एखादी चक्कर.

"तुम्हाला काय, एकटा जीव सदाशिव," कुणीतरी मला म्हणालं. वाईट हेतूने नाही.

पण मी एकटा नव्हतो. घरी सासूबाई होत्या.

माझी बायको आजारी पडली तेव्हा त्या आल्या. ही गेली, पाहुणे परतले, आणि सासूबाई राहिल्या. त्यांना कुणी राहा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. लेकच गेल्यावर जावयाच्या घरी राहायला त्यांना तसं कारण उरलं नव्हतं. माझा मेव्हणा दर रविवारी फोन करून विचारायचा, "आई, कधी येतेस?" त्या म्हणायच्या, "बघू. यांचं जरा मार्गी लागू दे." माझं काय मार्गी लागायचं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलाकडे त्यांना काही कमी नव्हतं. फक्त तिथे त्यांचं कुणाला काम नव्हतं.

मी फिरतीवर गेलो तर घराला कुलूप लागणार आणि त्यांना जावं लागणार, हे आम्हा दोघांनाही समजत होतं. मी परीक्षेचा फॉर्म भरला.

सर्व्हर रूममध्ये एक जण आहे, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. विचारलं नसलं तरी समजावून सांगतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने ही परीक्षा दिलेली होती.

"पुस्तकं वाचून पोहता येत नाही, काका," तो म्हणाला. "पाण्यात उतरावं लागतं. आता राउटर आणि स्विच विकत घेऊन घरी मांडणार का? नाही. मग सिम्युलेटर घ्या. स्क्रीनवरच राउटर, स्क्रीनवरच स्विच. जोडा, तोडा, चुका. हॉस्पिटल बंद पडत नाही."

"कुठला घेऊ?"

"तीन सांगतो. एक फुकट आहे. हलका आहे, जुन्या मशीनवर चालतो, पण शेवटी नक्कल. सगळ्या कमांड त्याला येत नाहीत. दुसऱ्यात खऱ्या उपकरणांचंच सॉफ्टवेअर चालतं. वर्षाचं लायसन्स घ्यावं लागतं. परवडतं, पण लॅपटॉपमध्ये मेमरी हवी आणि जागा भरपूर हवी. तिसरा भाड्याचा. ब्राउझरमध्ये उघडायचा, महिन्याला पैसे भरायचे. महिना संपला की दार बंद."

"तू काय घेशील?"

"शिकायला फुकटातला. आणि शेवटी दुसरा. कारण परीक्षा झाल्यावर कंपनी खऱ्या मशीनवर हाताने करून दाखवायला लावणार आहे. नकलेवर हात बसला तर तिथे फजिती होईल."

घरात लॅपटॉप एकच, हिचा. ही घरी बसून लोकांचं टायपिंग करायची. खिडकीजवळ तिचं टेबल आणि वेताची खुर्ची अजून तशीच होती. खुर्चीची वीण तुटून बैठक खाली गेली होती, म्हणून ही त्यावर उशी ठेवून बसायची. मीही उशीवर बसलो आणि फुकटातला सिम्युलेटर टाकून घेतला. त्याला जागा फारशी लागली नाही.

पहिल्या संध्याकाळी मी दोन राउटर मांडले आणि मध्ये केबल जोडली. दोन्ही टोकांना लाल खूण आली. मी केबल काढली, दुसरी जोडली. लाल. तिसऱ्या जातीची केबल घेऊन पाहिली. लाल. सासूबाई दाराशी उभं राहून भाजी निवडत बघत होत्या.

"जावईबापू, तुम्ही मघापासून एकच रेघ काढताय आणि एकच पुसताय. शाळेतली पोरं करतात तसं."

"केबल खराब असेल."

"चित्रातली केबल खराब कशी होईल?"

त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी पुस्तक उघडलं. राउटरची पोर्टं, म्हणजे केबल खोचायची तोंडं, मुळात बंदच असतात, कमांड देऊन ती आपण चालू करायची असतात. मी कमांड दिली आणि खूण हिरवी झाली. इतकी वर्षं मी केबल राउटरपर्यंत नेऊन सोडली होती. पुढचं काम मास्तरसारख्यांचं. या परीक्षेत नेमकं तेच पुढचं होतं.

तो सिम्युलेटर मला आवडला. कामावरून आलो की तास-दीड तास बसायचो. हळूहळू हात बसला. मग पुस्तकातले मागचे धडे आले, आणि मी दिलेल्या काही कमांडना तो नुसतं "कळलं नाही" म्हणू लागला. मास्तरने सांगितलं होतं तसंच झालं. आता दुसरा घ्यायची वेळ आली होती.

लायसन्सचे पैसे माझ्याकडे होते. लॅपटॉपमध्ये मेमरी वाढवता येत होती, मास्तर जुनी पट्टी द्यायला तयार होता. अडचण जागेची होती. डिस्क काठोकाठ भरलेली. त्यातली बहुतेक जागा 'नंतर बघू' नावाच्या एका फोल्डरने घेतली होती. हिला एखादा व्हिडिओ आवडेलसा वाटला की ही तो डाउनलोड करून ठेवायची. आमच्याकडे संध्याकाळी इंटरनेट रडत चालतं, म्हणून सकाळी उतरवून ठेवायचे, सवडीने बघायचे. सवड मिळाली नाही. त्यात काय आहे हेही मला माहीत नव्हतं. हिचे फोटो त्यात नव्हते. फोटो माझ्या फोनमध्ये आहेत.

"फॉरमॅट मारा," मास्तर म्हणाला.

"सामान आहे त्यात."

"मग एखाद्या हार्डडिस्कवर काढून कपाटात ठेवून द्या."

हिचे कपडे पेटीत घालून माळ्यावर गेले होते. चष्मा ड्रॉवरमध्ये गेला होता. आणखी एक वस्तू कपाटात टाकणं माझ्या जिवावर आलं. हे मास्तरला कसं सांगायचं? मी म्हणालो, "नको रे, महाग पडतं ते. भाड्याचाच बघतो."

"महाग?" मास्तर माझ्याकडे बघत राहिला. "काका, भाडं चार महिने भरलंत तर त्यात वर्षाचं लायसन्स येतं. तुमच्यासारखा कंजूष पाहिला नाही. कंजूषपणा करून जास्त पैसे घालवणारा."

भाड्याचा घेतला. सॉफ्टवेअर चांगलं होतं, आमचं इंटरनेट नव्हतं. संध्याकाळी अर्धं काम झालं की चक्र फिरत राहायचं आणि जोडणी तुटायची. परत उघडलं की सगळं कोरं. मग मी पहिल्यापासून मांडायचो. असा एक महिना गेला. मी दुसऱ्या महिन्याचे पैसे भरत होतो तेव्हा सासूबाई चहा घेऊन आल्या.

"परत भरताय? ते तर रोज बंद पडतं."

"हो."

"मग दुसरं नाही का? तुमचा तो मास्तर परवा फोनवर म्हणत होता, लायसन्स घ्या, लायसन्स घ्या. त्याचा आवाज एवढा मोठा, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं."

"त्याला जागा लागते. लॅपटॉपमध्ये जागा नाही."

"का नाही?"

मी फोल्डर उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि वाकून नावं वाचायचा प्रयत्न केला. निम्मी परक्या भाषेत होती.

"हे सगळं आमच्या चिमीचं?"

"हो."

"काय आहे यात?"

"माहीत नाही. बघितलं नाही."

"तिने बघितलं होतं?"

"नसावं. नंतर बघणार होती."

मला वाटलं सासूबाई रडतील. त्यांनी बाहेरून एक स्टूल ओढून आणलं आणि त्यावर बसल्या.

"लावा पाहू एखादा."

मी पहिलाच लावला. एक बाई काचेच्या बरणीत झाड लावत होती. भाषा आम्हाला एका शब्दाने कळत नव्हती. ती चिमट्याने एकेक खडा उचलून बरणीत ठेवत होती. झाड लावून झालं, बाईने बरणीला बूच लावलं आणि हसली.

"बूच लावल्यावर पाणी कसं घालायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"घालायचं नसेल."

"मग झाड कशाला, दगडच ठेवायचे की." त्या हसल्या. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "हे तिला बघायचं होतं. आपण बघितलं. आता पुसा."

मी बोट उचललं, पण बटणावर ठेवलं नाही.

"अहो, बघून झालं ना? तिचं राहिलेलं काम आपण केलं. पुसा."

मी पुसला. खाली आकडा थोडा हलला. जेमतेम बोटभर जागा मोकळी झाली.

तेव्हापासून जेवणं झाली की आम्ही बसू लागलो. दोन व्हिडिओ, कधी तीन. बघायचे, पुसायचे, मग मी अभ्यासाला आणि त्या झोपायला. जहाज धुण्याचा एक होता. बुटांना टाच बसवण्याचा होता. कुणाचं तरी बर्फातलं घर होतं, त्यात माणूस बोलतच नव्हता, नुसता लाकडं फोडत होता, तो सासूबाईंना फार आवडला. "असा नवरा बरा," म्हणाल्या. एक माणूस पाऊण तास रंगांबद्दल बोलत होता. पाचव्या मिनिटाला सासूबाई स्टुलावर पेंगल्या. दचकून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "हा राहू दे. तिलाही नसता आवडला. पुसून टाका."

"बघायचा नियम आहे ना?"

"नियम मीच केलाय."

मला त्या व्हिडिओंतून ही कुठे सापडली नाही. पण एखादं काही सुरू झालं की हिने ते का ठेवलं असेल यावर आम्ही दोघं बोलायचो. ही गेल्यापासून आम्ही तिच्याबद्दल बोललोच नव्हतो. औषधं, बिलं, भाजी, एवढंच बोलणं व्हायचं.

एक व्हिडिओ वेताच्या खुर्चीची बैठक विणण्याचा निघाला. माझ्या बुडाखाली तीच खुर्ची होती. आम्ही दोघांनी एकदमच उशीकडे पाहिलं. हा व्हिडिओ लगेच पुसला नाही. मी वेताच्या पट्ट्या आणल्या. आठवडाभर संध्याकाळी तो थांबवून थांबवून बघत सासूबाईंनी बैठक विणली. मी पट्ट्या ओढून धरायचो. ताण कसा ठेवायचा हे मला केबलमुळे माहीत होतं. एका कोपऱ्यात वीण चुकली आहे, ती अजून दिसते. काम झाल्यावर तोही पुसला.

जागा होत गेली. दुसऱ्या महिन्याचं भाडं संपलं तेव्हा दुसरा सिम्युलेटर मावेल इतकी झाली होती. मी लायसन्स घेतलं. मास्तर मेमरीची पट्टी लावायला घरी आला, डिस्क बघून म्हणाला, "काका, शेवटी फॉरमॅट मारलंत?"

"नाही. थोडं थोडं आवरलं."

"एवढं आवरायला किती वेळ लागला असेल."

"लागला," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

त्या सॉफ्टवेअरवर लॅपटॉप तापायचा, पंखा घरघरायचा. पण कमांड दिली की खऱ्या मशीनसारखं उत्तर यायचं, आणि वीज गेली तरी मी साठवलेलं तसंच राहायचं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "आता रेघा लाल होत नाहीत का?" मी म्हटलं, "होतात. पण आता का होतात ते कळतं."

परीक्षेत पास झालो. फार वर नाही, पण झालो. नंतर कंपनीच्या माणसाने मला खऱ्या राउटरपुढे बसवलं. दोन खोल्यांचं नेटवर्क बंद आहे, चालू करा. मी आधी पोर्ट तपासलं. बंद होतं. कमांड देऊन चालू केलं. तरी जोडणी येईना. सगळ्या कमांड परत वाचल्या, चूक नव्हती. मग मी उठून केबलला हात लावला. तिच्या टोकाची क्लिप तुटली होती. त्याने मुद्दाम लावली होती की तशीच होती ते त्याने सांगितलं नाही. मला दिवसपाळी मिळाली.

'नंतर बघू'मधला शेवटचा व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या आठवड्यातच बघून झाला होता. तो पुसायचं बटण सासूबाईंनी स्वतः दाबलं होतं.

रविवारी मेव्हण्याचा फोन आला. मी टेबलाखाली वाकून लॅपटॉपची वायर नीट बांधत होतो. दिवसपाळीचं सासूबाईंनी त्याला सांगितलं, तो आनंदला. मग त्याने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण अंदाज आला. यांचं मार्गी लागलं, आता ये.

"आत्ता कशी येऊ?" सासूबाई म्हणाल्या. "चिमीचे ते व्हिडिओ नाहीत का? अजून पुष्कळ बघायचे राहिलेत. ... हो रे बाबा, पुष्कळ. ... काय सांगू, संपतच नाहीत."

मी टेबलाखालीच थांबलो. फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी बाहेर आलो, लॅपटॉप उघडला आणि संध्याकाळपर्यंत इंटरनेट जेवढे देईल तेवढे व्हिडिओ 'नंतर बघू'मध्ये उतरवून घेतले.

जेवण झालं. सासूबाईंनी हात पुसले आणि सवयीने आत आल्या. स्टूल मी बाहेर नेऊन ठेवलं होतं, म्हणून त्या वेताच्या खुर्चीवर बसल्या. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि फोल्डर उघडलं. त्यांनी चष्मा नाकावर घेतला.

"हा कशाचा?"

"माहीत नाही. नाव कळलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"कंटाळवाणा निघाला तर पुसायचा हं," त्या म्हणाल्या. "लावा."