शिवदास म्हटलं की राँग नंबर

पंपवाल्या शिवदासला सोसायटीने कामावरून काढलं. पण ते बाजूला ठेवू. तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. सोसायटीही तशीच चालली आहे.

तर, मुलुंडमधल्या आमच्या चार विंगना तो बावीस वर्षं पाणी सोडायचा. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. "ए लंगड्या, पाणी!" अशी खिडकीतून हाक आली की तो व्हॉल्व्ह फिरवायचा. यंदाच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या जान्हवीने हा शब्द बंद करा म्हणून हट्ट धरला.

"मग काय म्हणायचं?"

"दिव्यांग म्हणा."

पहिल्या मजल्यावरच्या राजेशने लगेच म्हणून बघितलं, "ए दिव्यांग, पाणी!" सूर तोच होता.

"त्याला नाव असेल ना," जान्हवी म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शिवदास तिथेच चहाचे कप गोळा करत होता. त्याला कोणी विचारलं नाही.

शेवटी सूचना लागली. तो शब्द उच्चारल्यास रहिवाशास समज देण्यात येईल, कर्मचाऱ्यास तिसऱ्या वेळी कामावरून कमी करण्यात येईल.

पंधरा दिवसांत तीन वेळा भरल्या. तिन्ही शिवदासच्या. सेक्रेटरी विद्याधरकाकांनी फोन केला की तो सवयीने आपल्या मालवणीत म्हणायचा, "हां, लंगडो बोलतंय."

काकांनी त्याला ऑफिसात बोलावलं. "अरे, फोनवर नाव सांगायला काय होतं तुला?"

"सांगून बघितलं ना साहेब. शिवदास म्हटलं की लोक राँग नंबर म्हणून ठेवून देतात. तुम्ही पण ठेवलात."

काकांनी चष्मा पुसला. "नियम आहे रे. तुझ्याच भल्यासाठी केलाय."

जान्हवी ऑफिसात जाऊन भांडली. भांडताना तिच्या तोंडून तो शब्द दोनदा गेला, म्हणून तिला समज देण्यात आली.

सोमवारी नवा माणूस आला, नितेश. बोलताना अडखळतो. दुपारपर्यंत बी विंगमधून हाक आली, "ए तोतऱ्या, पाणी!" हा शब्द सूचनेत नव्हता.

शिवदासने त्याला चारही व्हॉल्व्ह दाखवले. कुठला घट्ट आहे, तेही सांगितलं. मग डबा पिशवीत टाकला आणि ऑफिसात एक अर्ज देऊन गेला.

"मा. सेक्रेटरी यांस, नवीन पंपवाल्याचे नाव नितेश असे आहे. ते सांगायला त्याला वेळ लागतो. तरी त्याचे नाव सांगून पूर्ण होईपर्यंत कोणीही फोन ठेवू नये, ही नम्र विनंती."